मतदार पुस्तिका, वॉशिंग्टन राज्य: मिरजेच्या छापखानेवाल्याचा अभिप्राय

साडेचार तारे. अर्धा तारा कागदाचा कापला.

वस्तू कोणती ते आधी सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिॲटल जिथे आहे त्या वॉशिंग्टन राज्यात निवडणूक आली की सरकार एक पुस्तिका छापतं आणि घरोघर पाठवतं. कोण कोण उभं आहे, त्याचं शिक्षण काय, आजवर काय केलं, निवडून आला तर काय करणार, हे सगळं त्यात असतं. दाम शून्य. मागणी नोंदवायची नाही, रांग लावायची नाही. पिझ्झाची कुपनं आणि छप्पर दुरुस्तीच्या जाहिराती यांच्या गठ्ठ्यात ती पत्रपेटीत येऊन पडते. राज्यात सुमारे तीस लाख घरं आहेत. एवढ्या प्रतींचं काम मला कुणी दिलं असतं तर मिरजेत मी दुसरा मजला चढवला असता.

मी छापखानेवाला. पायाने ट्रेडल मारत धंदा शिकलो आणि ऑफसेट मशीन विकून बाहेर पडलो. आता मुलाकडे, सिॲटलजवळच्या बॉथेलला असतो. ग्रीन कार्ड आहे, मत नाही. त्यामुळे या घरात ही पुस्तिका मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचणारा माणूस नेमका तोच आहे ज्याला मत देता येत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही वाचा आणि थोडक्यात सांगा." सूनबाई स्वतः वाचते, पण ती न्यायाधीशांची पानं आधी उघडते. मी सिनेटची.

कागद न्यूजप्रिंट. शाई बोटाला लागते, दुसऱ्या बाजूचा मजकूर उजेडात दिसतो. टाईप माझ्या डोळ्यांना बारीक. फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मी मोजणार, कारण तोच माझा धंदा होता. बाकी जुळणीत नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक उमेदवाराला एकच साचा: डोक्या-खांद्यापर्यंतचा फोटो, त्याखाली निवडून आल्याचा अनुभव, इतर व्यवसाय, शिक्षण, समाजकार्य आणि मग त्याचं निवेदन. गणवेशातला फोटो चालत नाही, न्यायाधीशाचा झगाही चालत नाही. ठळक टाईप नाही, अधोरेखन नाही, जोर द्यायचा असेल तर तिरपा टाईप वापरा. ज्याने आयुष्यभर "आमच्या साहेबांचं नाव जरा मोठं करा, अजून मोठं करा, फोटोच्या वर घ्या" हे ऐकलंय, त्याला या नियमाची किंमत कळेल.

आणि शब्दमर्यादा सगळ्यांना सारखी. पंगतीत पाटील बसला म्हणून वाढप्याने डाव मोठा घेतला नाही, तसं. अठरा वर्षं सिनेटर असलेल्या बाईंना जेवढी जागा, तेवढीच जागा ज्याला कुणी ओळखत नाही त्यालाही.

ही गोष्ट किती मोठी आहे ते २०१८ च्या ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीत कळलं. सिनेटच्या एका जागेला २९ उमेदवार होते. इथली पद्धत अशी की सगळे पक्ष एकाच यादीत, सगळे मतदार एकाच यादीवर मत देणार आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या फेरीत जाणार, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालेल. त्या वर्षी मारिया कँटवेल आणि सुझन हचिसन पुढे गेल्या आणि शेवटी कँटवेलबाईच जिंकल्या. ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. मला उरलेल्या २७ जणांत रस होता. पानामागून पान, एकाच मापाच्या चौकटी. त्यांत एक चौकट गुडस्पेसगाय यांची.

होय, मतपत्रिकेवर एवढंच नाव. मूळ नाव त्यांनी कायदेशीर बदलून घेतलंय. देवनागरीत लिहिताना शेवटी गाय येते, त्याला माझा इलाज नाही. हे गृहस्थ या राज्याचे धरतीपकड आहेत. किंग काउंटीच्या, म्हणजे सिॲटल ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, कार्यकारी प्रमुखाच्या जागेला २००९ साली उभे, २०१७ साली उभे. सिनेटला २०१० साली उभे, २०१८ ला उभे, २०२४ ला पुन्हा उभे. मध्ये २०२० साली गव्हर्नरच्या जागेला उभे, तिथे तर ३६ उमेदवारांची यादी होती. निवडून एकदाही आलेले नाहीत. "निवडून आल्याचा अनुभव" या रकान्यापाशी भलेभले नवखे चाचरतात. कुणी "नाही" लिहितं, कुणी शाळेच्या पालक समितीचं नाव लिहितं. या गृहस्थांना तो रकाना कधी आडवा आला नाही. मतपत्रिकेवर सतत नाव असणं हाच त्यांचा अनुभव.

त्यांचा जाहीरनामा दोन खांबांवर उभा आहे आणि इतक्या वर्षांत खांब हललेले नाहीत. पहिला: माणसाने पृथ्वीबाहेर वस्ती करावी. पृथ्वीला ते अंतराळयान पृथ्वी म्हणतात, आपण सगळे तिचे प्रवासी, आणि आता आणखी यानं, आणखी वसाहती बांधायला हव्यात. दुसरा: किमान वेतनाचा कायदा रद्द करा. त्यांचं म्हणणं, किमान वेतन नोकऱ्या मारतं, ज्याच्या हाताला अजून कसब नाही त्याला दारातच अडवतं. गुंतवणूक करणाऱ्यांना मोकळं सोडा, रोजगार वाढेल, राहणीमान वाढेल.

पहिल्या खांबाला सुरुवातीला मीही हसलो. मग मुलाने गाडीतून जाताना केंट दाखवलं. बॉथेलहून दक्षिणेला तासाभरावर. तिथे ब्लू ओरिजिनचं मुख्यालय आहे, जेफ बेझोस यांनी २००० साली काढलेली रॉकेट कंपनी. २०१९ साली याच बेझोस यांनी व्यासपीठावर उभं राहून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वसाहतींची चित्रं दाखवली, ज्यांत माणसं राहतील, शेती होईल. आमच्या शेजारच्या रेडमंडला स्पेसएक्स स्टारलिंकचे उपग्रह बनवतं, आमच्याच ओळखीची दोन मराठी मुलं तिथे आहेत. म्हणजे ज्या कल्पनेसाठी एका माणसाला न्यूजप्रिंटवर वर्षानुवर्षं चक्रम ठरवलं, तीच कल्पना त्याच काउंटीत दुसऱ्याने कारखाना घालून मांडली तर तो द्रष्टा. गुडस्पेसगाय यांच्याकडे फक्त चौकट होती.

दुसऱ्या खांबाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही, आणि मी मालक होतो, कामगार नव्हे, हे लक्षात घ्या. छापखाना महाराष्ट्रात किमान वेतनाच्या यादीत येतो. दरांचा तक्ता भिंतीवर लावावा लागायचा, इन्स्पेक्टर आला की मस्टर काढून दाखवावं लागायचं. वैतागायचो. पण अक्षरांचे खिळे जुळवणारा पोरगा माझ्याशी घासाघीस करणार कुठून? त्याला मिरजेत आणखी दोनच छापखाने माहीत, आणि त्या दोघांशी मी रोज चहा प्यायचो. तो तक्ता नसता तर आम्ही तिघांनी चहावरच त्याचा पगार ठरवला असता. आणि गुडस्पेसगाय ही मागणी करतात कुठे? वॉशिंग्टन राज्यात, जिथे २०२४ साली किमान वेतन ताशी १६.२८ डॉलर होतं, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वात जास्त. सिॲटलने २०१४ सालीच पंधरा डॉलरचा ठराव केला होता. अशा ठिकाणी दर निवडणुकीला हेच छापून आणायचं याला छाती लागते. वारा कुठला ते बघून बोलणारा माणूस नाही हा.

मुद्द्यांच्या बाबतीत, हं. पक्षाच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. इथे उमेदवार स्वतःच लिहून देतो की मला अमुक पक्ष पसंत आहे, आणि मतपत्रिकेवर तसंच छापलं जातं. पक्षाची संमती लागत नाही, एबी फॉर्म नाही, दिल्लीहून यादी येण्याची वाट बघणं नाही. २०१० च्या सिनेटला गुडस्पेसगाय डेमोक्रॅटिक पसंत करत होते, २०२० च्या गव्हर्नरला "ट्रम्प रिपब्लिकन". अंतराळ तेच, किमान वेतन तेच, रकान्यातला पक्ष वेगळा. थोरामोठ्यांनीही ही सोय वापरली आहे. २००८ साली डिनो रॉसी गव्हर्नरला उभे राहिले तेव्हा रिपब्लिकन असं न लिहिता "जी.ओ.पी." हे त्याच पक्षाचं टोपणनाव लिहून मोकळे झाले. ही पद्धत त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली होती. मला विचाराल तर या पुस्तिकेतला हा सर्वात मजेशीर रकाना आहे आणि सर्वात फसवाही.

आता हिशेब. सिनेटच्या उमेदवारीसाठी इथे पगाराच्या एक टक्का फी भरावी लागते. सिनेटरचा पगार वर्षाला १,७४,००० डॉलर, म्हणजे फी १,७४० डॉलर. ती परत मिळत नाही. ज्याची ऐपत नाही त्याने तेवढ्या मतदारांच्या सह्या आणायच्या, एका डॉलरमागे एक सही. आपल्याकडे लोकसभेला अनामत २५,००० रुपये, आणि पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. या १,७४० डॉलरमध्ये गुडस्पेसगाय यांना काय मिळतं? राज्यातल्या घराघरांत फोटोसह मजकूर, छपाई आणि टपाल सरकारचं. मी हँडबिलांचे दर काढत आयुष्य घालवलंय, असा दर मी पाहिलेला नाही. निवडून येण्यासाठी हा सौदा वाईट असेल, म्हणणं पोचवण्यासाठी याच्यासारखा नाही. आणि माझी खात्री आहे की ते पोचवण्यासाठीच उभे राहतात.

हा हिशेब आणखी एकाने ओळखला होता. माइक द मूव्हर. याचा धंदा सामान हलवायचा, ट्रक आणि हमाल. नावही तसंच कायदेशीर करून घेतलं आणि सिनेटच्या यादीत झळकू लागला, २०१० ला डेमोक्रॅटिक, २०१२ ला रिपब्लिकन. मतपत्रिका म्हणजे त्याच्या धंद्याची पाटीच. याच्यावर मी रागावू शकत नाही. कुठलाही पक्का व्यापारी याला सलाम करेल. पण गुडस्पेसगाय आणि तो एकाच माळेचे मणी म्हणून लोक हसतात ते मला पटत नाही. एक ट्रक विकतोय, दुसरा काहीच विकत नाही.

आमच्या छापखान्यात अपक्ष यायचे. त्यांच्यासाठी नियम एकच होता, रोख आगाऊ. पक्षाचा माणूस "नंतर बघू" म्हणाला तरी निदान कार्यालयाचा पत्ता असतो, अपक्ष हरला की मतमोजणीच्या संध्याकाळी गावातून गायब. एक गृहस्थ मात्र दर विधानसभेला यायचे, पैसे मोजून ठेवायचे आणि बसून स्वतः प्रूफ तपासायचे. निवृत्त शिक्षक होते, ऱ्हस्व-दीर्घ एक चुकू द्यायचे नाहीत. चिन्ह मिळायच्या आधीच मजकूर जुळवून ठेवायचो आणि वरच्या कोपऱ्यात दोन इंच चौरस जागा कोरी. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की चिन्हं वाटली जायची, मग हे सायकलवरून येऊन ओरडायचे, "शिलाई मशीन!" की ब्लॉक शोधायला माझी धावपळ. पायथ्याला मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ अ कलमाने ते बंधनकारक आहे, प्रकाशकाचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापल्यावर प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मास्तरांच्या हजार हँडबिलांना जेवढी कागदपत्रं, तेवढीच साहेबांच्या लाखाला. पण हजार कुठे आणि लाख कुठे! मास्तरांचं म्हणणं वाईट नव्हतं. टाकळीच्या पलीकडे ते कुणी वाचलंच नाही. त्यांना इथल्यासारखी एक चौकट मिळाली असती तर जिंकले नसतेच, पण तालुक्याला कळलं तरी असतं की हा माणूस कालव्याच्या पाण्याबद्दल काय म्हणतोय.

आपल्याकडे हरणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, तरी त्यांचं म्हणणं मात्र छापलेलं सापडत नाही. काका जोगिंदर सिंग धरतीपकड शेकडो निवडणुका लढले, १९९२ ला राष्ट्रपतिपदालाही उभे राहिले, १,१३५ मतं पडली. बातमी कायम आकड्याची. पुण्यात विजयप्रकाश कोंडेकर हे वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ उघड्या अंगाने स्टीलचा गाडा ढकलत बूट या चिन्हाचा प्रचार करायचे. लोकांनी फोटो काढले, अंगाचे आणि गाड्याचे. आणि आपल्या सिनेटला, म्हणजे राज्यसभेला, असल्या माणसाने उभं राहायचं नावच काढू नये. मतदार आमदार, आणि अपक्षाच्या अर्जावर दहा आमदारांच्या सह्या सूचक म्हणून हव्यात. दहा आमदार ज्याच्या खिशात आहेत तो धरतीपकड कसला?

आता जिथे ही पुस्तिका कमी पडते ते सांगतो. निवेदन उमेदवाराने जसं दिलं तसं छापलं जातं. सरकार त्यातली चूक सुधारत नाही आणि खरंखोटंही तपासत नाही, तसं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. मुद्रितशोधक म्हणून माझा जीव तुटतो: चुकलेलं स्पेलिंग तीस लाख घरांत जातं. नागरिक म्हणून मात्र (इथला नसलो तरी कुठला तरी आहे) मला ते बरोबर वाटतं. सरकारी कारकुनाने उमेदवाराच्या वाक्याला हात लावायला सुरुवात केली की आज स्पेलिंग, उद्या मुद्दा. पण मग वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. सुंदर जुळणीत छापलेली थाप थाप वाटत नाही. एकसारखा साचा सगळ्यांनाच इभ्रत देतो, ज्याला द्यायला नको त्यालाही.

दुसरी उणीव: मालमत्ता, देणी, खटले यांतलं काही या चौकटीत येत नाही. तिथे आपण पुढे आहोत. आपल्याकडे नमुना २६ चं शपथपत्र आहे. जमीन किती, सोनं किती, बायकोच्या नावावर काय, गुन्हे कोणते, सगळं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. पण आपल्या शपथपत्रात माणूस करणार काय, याची एक ओळ नाही. इथे करणार काय ते सांगतात आणि आहे काय ते या पानावर सांगत नाहीत. दोन्ही एका पानावर छापणारा देश मला अजून भेटायचाय. भेटला तर मोफत प्रूफं तपासून देईन.

तिसरी: भाषा. इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी आणि व्हिएतनामी भाषांत ती निघते. मराठीत नाही, आणि त्याची मी तक्रार करत नाही, आपण इथे मोजके आहोत. पण आई-वडील इथे आणून ठेवलेल्या घरांनी रविवारच्या दुपारी ती मोठ्याने वाचायला हरकत नाही. आमच्याकडे नातीने सुरू केलं. तिला अर्थातच अंतराळवाले हवे असतात. "आजोबा, हे जिंकले तर आपल्याला चंद्रावर नेणार?" मी म्हटलं, आधी प्राथमिक फेरी पार करू देत. २०२४ च्या सिनेट यादीत ११ जण होते, त्यांत हेही होते, आणि पुढे गेले ते कँटवेल आणि राउल गार्सिया.

नवीन आलेल्या मराठी मंडळींना वापराची सूचना: नागरिकत्व मिळालं की आधी नाव नोंदवा. मतपत्रिका मतदानाच्या अठरा दिवस आधी टपालाने निघते, पुस्तिका साधारण त्याच सुमारास. इथे मतदान केंद्रावर जायचं नसतं, घरी टेबलावर बसून भरायचं. २०१८ पासून तिकीटही लावावं लागत नाही, किंवा ग्रंथालयाबाहेरच्या पेटीत टाका. लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, तेव्हा घाईत गिचमिड करू नका. पुस्तिका जाहिरातींबरोबर रद्दीत जाऊ देऊ नका. प्राथमिक फेरीत उमेदवारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आडनावाने नाही, त्यामुळे तिथे पहिल्या पानावरचा तो मोठा असं समजू नका. आणि पाठची पानं वाचा. जिंकणाऱ्यांची निवेदनं कुणीतरी पगारी माणसाने घासूनपुसून गुळगुळीत केलेली असतात, दोन वाचली की तिसऱ्याचं न वाचताच कळतं. हरणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं असतं.

कागद मात्र सुधारा.